कोपऱ्यावर फुलं लावली होती, एप्रिलात पुन्हा उकिरडा झाला. यंदा काय लावू?

चढावरची | १९ मे, रात्री ९:४०

नमस्कार सातारकर, आणि सातारा सोडून गेलेले सातारकर.

लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या एका पेठेत आम्ही राहतो. पेठेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल तक्रार करणार आहे तेही इथं वाचत असतील. गल्लीच्या तोंडाला विजेची डीपी आहे. तिच्या पलीकडं पंधरा फूट लांब, पाच फूट रुंद अशी बिनवारशी जागा. घंटागाडी साडेसातला येते. ज्याची झोप उघडली नाही, त्याची पिशवी आठ वाजता डीपीपाशी.

गेल्या १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आलो आणि तशाच कपड्यात ती जागा साफ करायला घेतली. अकरा जण होतो. काय काय निघालं म्हणून सांगू! फुटका कमोड, थर्माकोलची मखरं, एक अख्खी गादी. ट्रॉलीच्या तीन खेपा झाल्या. मग लाल माती आणि शेणखत टाकलं, झेंडूची दोनशे रोपं लावली, मागच्या बाजूला शेवंतीचे फुटवे. दसऱ्याला झेंडू असा फुलला की गल्लीत कुणी फुलं विकत आणली नाहीत. लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे. आणि त्या दोन महिन्यांत तिथं एक पिशवी पडली नाही. एकही.

डिसेंबरात झेंडू वाळला, आम्ही उपटला. जानेवारीत काहीतरी लावू, लावू म्हणत राहिलो. फेब्रुवारीत कसलीशी वाहिनी टाकायला आलेल्या माणसांनी निम्मा वाफा उकरला आणि मुरूम वर, माती खाली करून निघून गेले. शिमग्यानंतर पहिली पिशवी आली. आज त्याच जागी एक कुत्री व्यायलीय.

पावसाच्या आत पुन्हा उभं राहायचंय. विचारायचं एवढंच:

यंदा काय लावावं, जे एप्रिलपर्यंत टिकेल? पाण्याचं कसं करता? आणि आमच्यातल्या एकाचं म्हणणं, कोपऱ्यापेक्षा येवतेश्वर घाटापासून कासच्या रस्त्याला कॉसमॉसचं बी फेकत जाऊ. पाकिटं स्वस्त, पाणी लागत नाही, सगळा घाट केशरी होईल. कल्पना मला आवडलीय. तुम्हाला?

ता. क. शेवंतीचं एक कोडं आहे, ते नंतर विचारते.

---

कंदीपेढा | १९ मे, रात्री ९:५२

रुमाल टाकून ठेवतो. कुत्रीला पिल्लं किती?

---

चढावरची | १९ मे, रात्री ९:५५

पाच. एक तुला.

---

स्पष्टवक्ता | १९ मे, रात्री १०:३०

राग मानू नका, पण तेरड्याचा रंग तीन दिवस. आपल्या गावात असे उपक्रम मी चाळीस वर्षं बघतोय. आधी फोटो, मग बातमी, मग हार, आणि शेवटी वाळलेल्या काड्या. जुन्या टायरला गुलाबी रंग देऊन त्यात रोप लावायचं एक खूळ मध्यंतरी आलं होतं. रोपं गेली, टायर राहिले, टायरात पाणी राहिलं आणि आमच्या आळीत डेंगी झाला. त्यापेक्षा कचरा टाकणाऱ्याला दंड करा.

---

निवृत्त_मास्तर | २० मे, सकाळी ६:१०

सर्वप्रथम अभिनंदन. ताई, तुमच्या लिहिण्यातच उत्तर दडलेलं आहे. झेंडू होता तोवर पिशवी पडली नाही. म्हणजे लोकांना जागा राखलेली दिसली की ते हात आवरतात. अडचण फक्त डिसेंबर ते जून या काळाची आहे.

एक सूचना. रीतसर अर्ज दोन प्रतींत करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. जागा कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा. पेठेतला रस्ता वेगळ्या खात्याचा, मोठा रस्ता वेगळ्या. पोच हाती असली की उद्या कुणी उकरायला आला तर दाखवायला कागद असतो. कागद दाखवल्यावर माणूस निदान माती तरी नीट लोटून जातो.

डीपीपासून चार हात लांब राहा. तिथं कुदळ घालू नका, पाण्याचा पाइपही त्या बाजूला नको. जमिनीत केबल असते.

---

माणदेशी_गडी | २० मे, सकाळी ७:४५

आवं ताई, झेंडू लावलासा आन् डिसेंबरात वाळला म्हणून कोड्यात पडलासा व्हय? झेंडूचं आयुष्यच तेवढं. रोप लावल्यापास्नं दोन म्हयन्यात फूल, पुढं म्हयना-दीड म्हयना चालतंय, मग त्याचा बाजार उठला. त्यात त्याची काय चूक न्हाय.

मी मूळचा दहिवडीकडचा, आता साताऱ्यात रोपवाटिका हाय. महाबळेश्वराला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर, आन् जिल्हा एकच! त्यामुळं पाण्याबिगर काय जगतंय ते आमास्नी इचारा.

कोरांटी लावा. पिवळी, काट्याची. आपलीच हाय, कुठनं आणायची न्हाय, फांदी खोवली की लागती. काट्यामुळं शेरडू तोंड लावत न्हाय. सदाफुली लावा, तिला बी जनावर खात न्हाय, कडू असती. गुलबक्षी लावा. उन्हाळ्यात वरनं मेल्यागत दिसती, खाली कांद हाय तिचा, मिरगाचा पाऊस पडला की हाय तशी वर. बोगनवेल कडंला एकच, ती बी दोरीनं बांधून, न्हायतर डीपीवर चढंल.

कण्हेर कुणी सांगितली तर शाळा जवळ हाय का बघा. हायवेच्या दुभाजकात लावत्यात ती चांगली, तिथं पोरं जात न्हाईत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या पोरं खेळाया घेत्यात आन् बी इखारी असतंय.

वाफ्यावर पाचट हातरा. उसाचा जिल्हा हाय आपला, पाचट काय कमी हाय व्हय? माती झाकली की निम्मं पाणी वाचलं समजा. पर वाळवी बघत ऱ्हा.

---

चढावरची | २० मे, दुपारी १:१५

दादा, हे प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

आणि शाळा आहे, शंभर पावलांवर. कण्हेर बाद.

स्पष्टवक्ते, रागावले नाही. पण गेल्या वर्षी आमचा फोटो कुठंच आला नव्हता, तेवढं नमूद करते. :-)

---

कंदीपेढा | २० मे, दुपारी १:४०

आणि कॉसमॉस? मला तर घाट केशरी झालेला डोळ्यांसमोर दिसतोय. हिल मॅरेथॉनवाले त्याच रस्त्यानं पळतात, काय दिसेल राव!

---

रानवाटा | २० मे, रात्री ११:२०

दिवसभर महाविद्यालयात परीक्षेची ड्यूटी होती, आता वाचलं. कॉसमॉसवर थोडं सविस्तर लिहितो. कृपा करून बी अजून विकत घेतलं नसेल तर घेऊ नका.

कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलं. साडेआठशेहून जास्त जातींच्या सपुष्प वनस्पती तिथं नोंदलेल्या आहेत. आता पठारावर उभं राहून पायाखाली बघा. जांभा खडक, त्यावर कुठं बोटभर माती, कुठं तीही नाही. त्या बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, कवला, सोनकी ही सगळी मंडळी जून ते ऑक्टोबर एवढ्या मुदतीत उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. बहुतेकांची उंची वीतभर. तिथल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच आपलं गाव आहे, सातारेन्सिस. इतकं आपलं फूल दुसरं कुठलं?

कॉसमॉस मूळचा मेक्सिकोकडचा. कमरेएवढा सहज होतो, चांगल्या जागी डोक्याएवढा. वीतभर गेंदाच्या शेजारी डोक्याएवढं झाड उभं राहिलं की ऊन कुणाला मिळणार? बी लांबट, टोकाला चोच असलेलं. कपड्याला, गुरांच्या केसांना चिकटतं, पावसाच्या पाण्याबरोबर वाहतं. पुण्याच्या टेकड्यांवर बघून या. तिथं कुणी मुद्दाम शेती केलेली नाही. बागांमधून सुटलं आणि उतारच्या उतार केशरी झाले. ज्यांना माहीत नाही ते तिथं फोटो काढतात, ज्यांना माहीत आहे ते श्रमदानानं उपटतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उपटतात.

घाटात टाकलेलं बी घाटातच थांबेल असं समजू नका. त्याच रस्त्यानं हंगामात गाड्यांची रांग पठारावर जाते. टायरच्या चिखलातून जाईल, बुटांतून जाईल.

---

कंदीपेढा | २० मे, रात्री ११:३४

सर, एक शंका. झेंडूही मेक्सिकोचाच ना? सदाफुली मादागास्करची असं मीच कुठंतरी वाचलंय. मग परदेशी म्हणून कॉसमॉसलाच का धरायचं? दसऱ्याला आपण मेक्सिकोचं तोरण बांधतो की.

---

रानवाटा | २० मे, रात्री ११:५८

शंका रास्त आहे. झेंडू तिकडचाच. पण झेंडूला खत, पाणी, खुरपणी लागते, रोज कुणीतरी बघावं लागतं. हात काढला की तो वाळतो. या धाग्याची सुरुवातच त्या दुःखानं झाली आहे. कॉसमॉसला तुमची गरज लागत नाही. ताईंच्या मित्राला तो नेमका त्याच कारणासाठी आवडला, 'पाणी लागत नाही'. ज्याला काहीच लागत नाही, ते जंगलाच्या वाटेवर फेकताना दोनदा विचार करायचा. कुठून आलं यापेक्षा सुटल्यावर काय करतं हे बघायचं. घाणेरीही एके काळी कुणीतरी बागेत हौसेनं लावलेलं फूल होतं. आज किल्ल्याच्या उतारावर फिरून बघा.

सदाफुली गावात, वाफ्यात ठीक आहे. पठारावर मी तीही नेणार नाही.

---

चढावरची | २१ मे, सकाळी ८:०५

रात्री उशिरा वाचलं आणि झोप लागेना. एक कबुली. त्या मित्रानं चार पाकिटं आधीच घेतली होती. आज सकाळी त्याच्या घरी जाऊन आणली. आता काय करू, जाळू का?

---

रानवाटा | २१ मे, सकाळी ८:२०

उकळत्या पाण्यात टाका, थंड झाल्यावर ओल्या कचऱ्यात द्या. मित्राला माझ्याकडून चहा.

---

परळीखोरे | २१ मे, दुपारी ३:३०

मी इथं फक्त वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चूकभूल घ्यावी.

आमच्या कॉलनीत आम्ही बायकांनी तीन वर्षांपूर्वी मारुतीच्या देवळाबाहेर असाच वाफा केला. अजून आहे. तुमच्या अडचणी वाचून हसू आलं, कारण सगळ्या त्याच.

पाणी. पहिल्या वर्षी आम्ही ठरवलं की जिला वेळ असेल तिनं घालायचं. म्हणजे मीच घालायची. मार्चमध्ये आठ दिवस माहेरी गेले, आले तर सगळं कोळपलेलं, आणि प्रत्येक जण म्हणाली, मला वाटलं दुसरीनं घातलं असेल. दुसऱ्या वर्षी सात घरं, सात वार केले. सोमवार जोशीकाकूंचा असं नाही म्हणत आम्ही, काकूंनाच 'सोमवार' म्हणतो. 'काय सोमवार, तब्येत बरी का?' एका वारी दोन कळशा, बास. ज्या दिवशी नळाला पाणी नसेल त्या दिवशी तांदूळ, भाजी धुतलेलं. भांड्यांचं साबणाचं नाही घालत.

मडकी पुरलीत चार. भाजलेली साधी, रंग न दिलेली. गळ्यापर्यंत मातीत, भरून ठेवायची, बाजूची माती सुकेल तसं पाणी झिरपतं. एप्रिलात मडकं तीन दिवस पुरतं. पण झाकण पाहिजेच पाहिजे, नाहीतर वर एका भाऊंनी लिहिलंय तसं डासांचं माहेरघर. आम्ही पणत्या उपड्या ठेवतो.

आता खरी डोकेदुखी. फुलं चोरणारे. पहाटे साडेपाचला फिरायला येणारे आजोबा, हातात प्लास्टिकची पिशवी, एकाकडे तर वाकडी काठीसुद्धा. फूल उमलायच्या आत पिशवीत. बोललं तर म्हणतात, देवासाठी नेतोय. देवाला चोरीची फुलं चालतात का हो?

---

निवृत्त_मास्तर | २१ मे, सायंकाळी ५:१२

हा प्रतिसाद लिहावा की नाही, याचा अर्धा तास विचार केला.

पिशवीवाल्यांत मीही आहे. काठी नाही, पण पिशवी आहे. पत्नी गेल्यापासून देवपूजा माझ्याकडे आली आणि सदनिकेत झाड नाही. जास्वंद दिसली की हात जातो. आजवर कुणी टोकलं नाही म्हणून मी त्याला चोरी म्हटलं नव्हतं.

ताई, आपण कुठं राहता हे विचारत नाही. मी ज्या वाफ्यातून नेतो तो आपलाच असेल तर क्षमा असावी.

---

परळीखोरे | २१ मे, सायंकाळी ६:४०

अहो सर, मला कानकोंडं झालं. तुम्हाला उद्देशून नव्हतं हो ते.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगायचं राहिलंच. देवळाच्या भिंतीकडची ओळ, तगर, जास्वंद आणि अबोली, ही तोडायचीच ठेवली. खडूनं भिंतीवर लिहिलं, 'ही देवासाठी. पुढची बघण्यासाठी.' ऐंशी टक्के लोक पाळतात. काठीवाले पाळत नाहीत. पण ते दर गुरुवारी न सांगता खुरपतात, म्हणून आम्ही गप्प आहोत.

---

माणदेशी_गडी | २१ मे, रात्री ८:००

मास्तर, जास्वंदीची दोन रोपं बाजूला काढलीत तुमच्यासाठी. बाल्कनीत कुंडीत येत्यात. पैशाचं बोलू नगा.

---

कोरेगाव_रोड | २२ मे, दुपारी १२:१०

थोडं अवांतर. २०१६ ला आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं पहिला वॉटर कप जिंकला, म्हणजे पाणी अडवायच्या कामाची गावांची स्पर्धा. त्या उन्हाळ्यात आम्ही शेजारच्या गावाहून बघायला जायचो. अख्खं गाव टिकाव-फावडं घेऊन रानात. पण त्याला तारीख होती, स्पर्धा होती, पाऊस आला की चर भरलेले दिसत होते. फुलाच्या वाफ्याला शेवटची तारीख नसते, म्हणून माणसं गळतात. तुम्ही स्वतःच तारखा लावून घ्या. गौरी, दसरा, गुढीपाडवा.

---

रानवाटा | २२ मे, रात्री ९:३०

कोरेगाव_रोड यांनी गौरी म्हटलं आणि स्पष्टवक्ते यांनी पहिल्याच दिवशी तेरड्याला शिवी दिली, त्यावरून सुचलं.

तेरडाच लावा.

घरगुती तेरडा, अंगणात असतो तो. पठारावरून एक पानही आणू नका, राखीव जंगल आहे. जूनच्या पहिल्या पावसाला बी टाकलं तर गौरींच्या सुमाराला फुलतो, आणि गौरीला तेरडा लागतोच. ऑक्टोबरात त्याच्या शेंगा बोट लावताच फुटतात आणि बी आपोआप त्याच मातीत पडतं. पुढच्या जूनला न लावता उगवतो. एप्रिलात त्याला पाणी घालायचा प्रश्नच नाही, कारण एप्रिलात तो नसतो. दोनच पथ्यं. ऑक्टोबरनंतर वाफा खोल उकरायचा नाही आणि जूनमध्ये पाचट बाजूला सारायचं, नाहीतर बी दडपून जाईल.

मागे माणदेशी दादांची कोरांटी, ती हिवाळ्यात फुलेल. मध्ये गुलबक्षी, दुपारी चारनंतर उमलेल, म्हणजे कामावरून परतणाऱ्यांना दिसेल. कडेला भुईचाफ्याचे चार कंद. तो ऐन एप्रिल-मे महिन्यात, एकही पान नसताना, मातीतून नुसतं फूल वर काढतो. झेंडू हवाच असेल तर दसऱ्यापुरती एक ओळ. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात रोप लावा, पंधरा-वीस दिवसांनी शेंडा खुडा, झाड पसरेल. दसऱ्याच्या वाळलेल्या तोरणातलं बी वापरू नका. बाजारातला बहुतेक झेंडू संकरित, त्याचं बी मूळ झाडासारखं येत नाही.

आणि उतार आहे म्हणता, तर वाफ्याच्या खालच्या अंगाला दगडाची ताल घाला. नाहीतर पहिल्याच वळवात माती राजवाड्यापर्यंत जाईल.

---

स्पष्टवक्ता | २२ मे, रात्री १०:०५

मान्य. पण एक सांगा सर, झाडं उन्हाळ्यात झोपतील, कचरा टाकणारा झोपणार का? वाफा उघडा दिसला की पिशवी येणार. ताईंचा सगळा अनुभव तोच आहे.

---

चढावरची | २२ मे, रात्री १०:२०

स्पष्टवक्ते, नेमकं हेच लिहायला आले होते. दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

सगळा वाफा हिरवा ठेवायला आमच्याकडं पाणी नाही, हे आता मान्य केलंय. आमच्याकडचं पाणी कासच्या तलावातून येतं, उन्हाळ्यात तेही दिवसाआड. पण रस्त्याच्या बाजूची फक्त एक ओळ, बारा सदाफुली, त्यात परळीखोरे ताईंची चार मडकी, एवढी ओळ वर्षभर जिवंत ठेवता येईल. मागचं झोपलं तरी पुढून जागं दिसेल. सात घरं मिळतात का बघते. आतापर्यंत साडेचार मिळालीत. अर्धं म्हणजे एक जण 'बघू' म्हणालाय.

आणि आता शेवंतीचं कोडं. गेल्या वर्षी एकाच गड्ड्याचे फुटवे लावले होते. दिव्याच्या खांबाखालच्या आठ झाडांना जानेवारीपर्यंत एक कळी आली नाही, नुसती पानं. डीपीच्या सावलीतली दोन मात्र दिवाळीनंतर भरभरून फुलली. खत एकच, माती एकच.

---

रानवाटा | २२ मे, रात्री १०:४१

वा! शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते. दिवस लहान होत गेले की तिला कळतं. तुमच्या खांबाखाली रात्रच झाली नाही, ती बिचारी दिवस संपायची वाट बघत राहिली. डीपीमागं अंधार होता. मुलांना वर्गात सांगायला मला उदाहरण मिळालं, फोटो असतील तर पाठवा.

---

कंदीपेढा | २२ मे, रात्री १०:४५

म्हणजे रात्रभर मोबाइल बघणाऱ्यांचंही तसंच होत असणार.

---

निवृत्त_मास्तर | २३ मे, सकाळी ६:०५

आम्ही रयतच्या वसतिगृहात होतो तेव्हा बागेच्या पाण्याची पाळी हजेरी क्रमांकानं असे. माझा क्रमांक सतरा. सतरा तारखेला परीक्षा असो, ताप असो, बादली माझी. तेव्हा राग यायचा.

ताई, उरलेल्या अडीच घरांपैकी एक माझं धरा. मी आपल्या पेठेत नाही, पण पहाटे फिरायला कुठंतरी जायचंच असतं. पिशवीऐवजी बादली आणीन. पत्ता व्यक्तिगत निरोपात द्यावा.

---

चढावरची | ११ सप्टेंबर, रात्री ८:५०

धागा वर काढतेय.

तेरडा फुलला! गुलाबी जास्त, थोडा पांढरा, एक कोपरा जांभळट. बी मास्तरांच्या ओळखीतल्या एका आजींच्या परसातलं. काल गौरी आल्या. सकाळी सहालाच दारात बायका, 'थोडा तेरडा नेऊ का?' गेल्या वर्षी दसऱ्यापर्यंत झेंडूला हात लावू दिला नव्हता, यंदा कात्री घेऊन मीच उभी होते. मागच्या ओळीतला द्यायचा, पुढचा बियाला ठेवायचा.

हिशेब: जूनच्या पहिल्या पावसात निम्मी माती वाहून गेली, कारण ताल 'उद्या घालू' म्हणून राहिली होती. कोरांटीच्या नऊ काड्यांपैकी सहा लागल्या. भुईचाफा कुत्रीनं उकरला (पिल्लं गेली, ती राहिली). बोगनवेल चोरीला गेली, मुळासकट, कुंपणाच्या दोरीसह.

वार सहा झालेत. बुधवार अजून रिकामा आहे, कंदीपेढा घालतो म्हणतो आणि विसरतो.

---

कंदीपेढा | ११ सप्टेंबर, रात्री ८:५८

पावसाळ्यात कशाला घालायचं? मी हुशार बुधवार आहे.

---

स्पष्टवक्ता | ११ सप्टेंबर, रात्री ९:३०

काल त्या बाजूनं मुद्दाम गेलो होतो. डीपीवरून ओळखलं. चांगला दिसतोय. एप्रिलात बघू.

---

चढावरची | १३ एप्रिल, सायंकाळी ७:१५

स्पष्टवक्ते, एप्रिल आला.

फोटो टाकलाय. मागचा सगळा वाफा मेल्यासारखा दिसतोय. पाचट, काटक्या, कोरांटीची धुळकट पानं. गुलबक्षी जमिनीत गेली. पुढं बारापैकी नऊ सदाफुली आहेत, फुललेल्या. पाडव्यापर्यंत एकही पिशवी नव्हती. काल रात्री एक आली. आत दुकानाची बिलं होती, त्यामुळं कुणाची ते कळलं. मास्तर आज ती पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेले, 'आपली विसरली होती' म्हणून परत दिली, आणि चहा पिऊन आले. काय बोलणं झालं ते सांगत नाहीत.

सोमवारवाल्या वहिनी मुलीच्या बाळंतपणाला गेल्यात, महिनाभर नाहीत. मडकी रिकामी आहेत. उद्या कोण?

---

स्पष्टवक्ता | १३ एप्रिल, सायंकाळी ७:४०

किती वाजता? कळशी तिथं आहे की घरून आणायची?